प्रारब्ध कोणाला सांगावे?

गळा बसला त्याला आता सहा वर्षे झाली. उंच स्वर लावायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हापासून टाळ खुंटीला आहेत आणि मी समोर श्रोत्यांत बसतो. जवळजवळ पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहण्याचे भाग्य लाभले. आता खाली बसून ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. पेरणाऱ्याला आठ दिवसांत आपली उगवण दिसते. कीर्तनकाराला ती दिसत नाही, कारण तोवर तो पुढच्या गावाला निघून गेलेला असतो. माझे एक वाक्य सोळा वर्षांनी उगवले आणि चालत माझ्या दारात आले. त्याची हकीकत सांगतो आणि त्यावर जे चिंतन घडले तेही सज्जनांपुढे ठेवतो.

आमचे गाव जऊळका. अकोला-पूर्णा मार्गावर स्टेशन आहे म्हणून जऊळका रेल्वे म्हणतात. गावापासून दोन कोसांवर एक वस्ती आहे. २००६ साली, पोळा होऊन थोडे दिवस झाले असताना, तिथल्या एका शेतकऱ्याने जीव दिला. चार एकर हलकी जमीन, दुबार पेरणी, डोक्यावर व्याजाचे देणे. त्याच वर्षी जुलैत विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले होते आणि त्यात आपला वाशीमही होता. पण पॅकेज कागदावर आले आणि हा माणूस शेतातून परत आला नाही. तेरवीला माझे कीर्तन ठेवले होते.

मी काय बोललो ते मला चांगले आठवते, कारण तसे मी शेकडो वेळा बोललो आहे. आयुष्याची दोरी जेवढी तेवढीच, असे म्हणालो. ज्याचे मरण जिथे, जेव्हा, जसे लिहिलेले असते तिथे, तेव्हा, तसेच ते येते. पाऊस निमित्त, कर्ज निमित्त, माणूस निमित्त. कर्ता करविता वेगळाच. सारा मांडव रडला. पुढच्या रांगेत ज्याचे देणे होते तो सावकारही बसला होता. माझ्या प्रत्येक वाक्याला त्याची मान हलत होती. कीर्तन संपल्यावर त्याने माझ्या गळ्यात हार घातला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, फार समाधान झालं." तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट कीर्तन रंगले याचाच आनंद वाटला.

मांडवाच्या खांबाला धरून एक अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. गेलेल्या माणसाचा तो थोरला.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. तो आपल्या मालेगाव तालुक्यातूनच जातो. त्याच हिवाळ्यात तो मुलगा माझ्याकडे आला. आता सत्तावीस वर्षांचा. अकोल्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवतो. गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. चहा झाला आणि म्हणाला, "महाराज, एक विचारायचं होतं. सोळा वर्षं झाली. तुम्ही त्या दिवशी म्हणालात, हे लिहिलेलं होतं. मग ते व्याजही लिहिलेलं होतं का? आणि तो माणूस पुढं बसून मान हलवत होता, तेही?"

मी वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो, "बाबू, तू नास्तिक झालास काय?"

"ते नंतर पाहू," तो म्हणाला. "आधी याचं उत्तर द्या."

मला उत्तर आले नाही. शास्त्र पाठ होते, दृष्टान्त पाठ होते. पण त्या खांबाजवळच्या मुलाला सांगता येईल असे त्यातले एकही नव्हते. मी म्हणालो, "तुझं सगळं म्हणणं आधी ऐकतो. काही सोडू नको." तो तीन दिवस आईकडे मुक्कामाला होता आणि तिन्ही संध्याकाळी आला.

आपल्या परंपरेत पूर्वपक्ष आधी मांडायचा असतो, आणि तो प्रतिपक्षाला मान्य होईल असा मांडायचा असतो. आम्ही कीर्तनकार पुष्कळदा नास्तिक म्हणून एक पेंढ्याचा बुजगावणा उभा करतो आणि त्याला दोन काठ्या मारून टाळ्या घेतो. या बाबतीत वऱ्हाडातले आपले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आठवावेत. जन्म १८८१ चा, लोणीटाकळीचा. वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गेली. पुढे १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, देह ठेवला. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणाऱ्या या महात्म्याने स्पेन्सर आणि डार्विन यांची मतेही समजून घेतली आणि आपल्या ग्रंथांतून त्यांचा समाचार घेतला. डोळ्यांनी दिसत नसताना, दुसऱ्याकडून वाचून घेऊन. मतभेद करायचा तर आधी ऐकण्याचे एवढे कष्ट घ्यावे लागतात.

त्याच स्पेन्सरचे वाचन करून नेमके उलट्या दिशेला गेलेले दुसरे नावही वऱ्हाडाशी जोडलेले आहे. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. पण मॅट्रिक झाले ते आमच्या अकोल्यातून. पुढे ते टिळकांचे सोबती झाले, 'केसरी'चे पहिले संपादक झाले, १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. देव, धर्म, रूढी यांतले जे बुद्धीला पटेल तेवढेच मानावे आणि परलोकाविषयी जे कळत नाही ते कळते असे म्हणू नये, अशी त्यांची भूमिका होती. लोकांनी त्यांची हयातीतच प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधी, ते गेले. मोठ्या पगाराची नोकरी हाताशी असताना ती नाकारून त्यांनी आयुष्य शिक्षणात घालवले. कीर्तनात मी त्यांचे नाव कधी घेतले असेल तर ते खंडनापुरतेच. हा मुलगा त्यांचे निबंध पिशवीत घेऊन आला होता.

पहिल्या संध्याकाळी त्याने देवाचा विषय काढला. म्हणाला, "देव आहे का, हा माझा प्रश्नच नाही. तुम्ही देव कशासाठी वापरता, हा आहे. जिथं 'कोणी केलं' असं विचारायला हवं, तिथं तुम्ही देवाचं नाव घेता आणि विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं."

यावर मला आपल्याच संतांची आठवण झाली. शंका नास्तिकांनीच काढली असे थोडेच आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सृष्टी कशी झाली याचा विचार करता करता शेवटी इथवर येते की वर बसून पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असेल किंवा नसेलही. १६२९-३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. पुढे महाराजांच्या अभंगांत काही ठिकाणी देवावर एवढा राग आहे की आजचा निरीश्वरवादीही तेवढे बोलायला कचरेल. चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, आपल्या जन्मावरून देवालाच जाब विचारला. जनाबाईंनी देवाला शिव्या घातल्या. पण हे सारे त्यांनी देवाला तोंडावर विचारले. त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याच्या दुःखासमोर उभे राहून "गप्प राहा, हे देवाने केले" असे म्हटलेले मला आठवत नाही. ते मी म्हटले होते. म्हणून त्या संध्याकाळी मी त्याला एवढेच सांगितले, "देव आहे हे मला सिद्ध करता येत नाही, बाबू. मला तो आहे, एवढंच सांगता येतं. पण मी त्याला सावकाराच्या ढालीसारखा धरला, हे तुझं म्हणणं खरं आहे."

दुसऱ्या संध्याकाळी माणसाची प्रगती निघाली. मला वाटले होते, आगरकरांचा हा वाचक विज्ञानाचा झेंडा मिरवील. तसे झाले नाही. त्याचा संशय दोन्हीकडे सारखाच होता. "तुमचे संत म्हणाले माणूस नामानं सुधारेल. आगरकर म्हणाले शिक्षणानं सुधारेल. माणूस मात्र आहे तिथंच आहे. रस्ता सहा पदरी झाला, त्यावरून जाणारा तोच."

यात तथ्य आहे आणि आपण वारकऱ्यांनी ते मान खाली घालून ऐकावे असेही आहे. चोखोबा गेले १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकूस अंगावर कोसळून. त्यांची समाधी पंढरीला महाद्वारासमोर आहे. आणि त्या द्वारातून त्यांच्या लोकांना आत जाता आले ते १९४७ मध्ये, म्हणजे ६०९ वर्षांनी. या सहाशे वर्षांत त्यांचे अभंग आत म्हटले जात होते आणि त्यांची लेकरे बाहेर उभी होती. तेही दार आपोआप उघडले नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, दहा दिवस केले, तेव्हा उघडले. संशय घेणारा विचारतो, तुमच्या भक्तीने सहाशे वर्षांत काय केले? या प्रश्नाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. अर्धे आहे. ज्या गुरुजींनी अन्न सोडले ते त्याच संतांच्या शब्दांवर पोसलेले होते, आणि ज्या मठाने त्यांना जागा दिली तो वारकऱ्यांचाच होता. बी सहाशे वर्षे जमिनीत जिवंत राहिले, एवढे म्हणता येते. उगवायला इतका उशीर का लागला, याचा दोष बियाण्याला देता येत नाही. तो आपल्याकडे, जमिनीकडेच येतो.

पण प्रगती अजिबात नाही, हेही मला मान्य नाही. याचे कारण ग्रंथात नाही, माझ्या घरात आहे. माझ्या पाठची बहीण मी सात-आठ वर्षांचा असताना देवीच्या आजाराने गेली. आजारालाच आपण देवी म्हणत होतो. दारावर लिंबाचा डहाळा बांधला होता, घरात फोडणी बंद होती. देवीचा कोप, लेकराचे प्रारब्ध, असे सगळे म्हणाले. त्याआधी देवी टोचणारा गावात आला तेव्हा आजीने आम्हां भावंडांना कडब्याच्या गंजीमागे लपवले होते. १९७५ मध्ये या देशातला देवीचा शेवटचा रोगी झाला. १९७७ मध्ये भारत, आणि १९८० मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज माझ्या नातवंडांना तो आजार ठाऊकही नाही. मग माझ्या बहिणीचे ते प्रारब्ध होते की न टोचलेली सुई होती? त्या साली ज्याला आपण ब्रह्मलिखित म्हणत होतो, ते पंचवीस वर्षांच्या आत माणसाने पुसून टाकले. या एका गोष्टीत आगरकर जिंकले आणि माझी आजी हरली, हे मी कीर्तनकार असूनही लिहितो. आजी वाईट नव्हती. ती आम्हांला जिवापाड जपत होती, म्हणून तर लपवत होती.

तेव्हा प्रगतीविषयी माझे मत एवढेच झाले आहे. माणसाचे मन एका पिढीत सुधारून पुढच्या पिढीला वारशाने देता येत नाही. प्रत्येकाला आपली वारी पायांनीच करावी लागते. पण प्रारब्धाची हद्द मात्र मागे सरकवता येते, आणि सरकवलेली हद्द पुढच्या पिढीला मिळते. ती कुठपर्यंत सरकेल हे आधी कोणाला सांगता येत नाही. म्हणून "हे लिहिलेलेच आहे" असे पुढच्या काळाविषयी बोलणारा माणूस, मग तो फडावरचा असो की व्यासपीठावरचा, जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे बोलतो.

तिसऱ्या संध्याकाळी तो जरा उत्साहात होता, कारण विषय त्याच्या शिकवण्याचा होता. माणूस स्वतंत्र आहे का? त्याने मला हॉलंडातल्या स्पिनोझाची गोष्ट सांगितली. तुकोबा वैकुंठाला गेले त्या सुमाराला हा सोळा-सतरा वर्षांचा होता. तो म्हणे, भिरकावलेल्या दगडाला वाटेत जाणीव आली, तर त्या दगडाला वाटेल की मी माझ्या इच्छेनेच उडतो आहे. माणसाचे स्वातंत्र्य असेच. मग त्याने अमेरिकेतल्या बेंजामिन लिबेट यांच्या प्रयोगाचे सांगितले. १९८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसाला सांगायचे, तुला वाटेल तेव्हा हात हलव, आणि हलवावासा कधी वाटला तो क्षण घड्याळात पाहून ठेव. डोक्याला तारा लावलेल्या. तेव्हा असे दिसले की मनात इच्छा झाल्याचे माणसाला कळण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. "म्हणजे महाराज," तो म्हणाला, "आपण ठरवतो असं आपल्याला फक्त वाटतं. ठरून गेलेलं असतं."

मी बराच वेळ गप्प बसलो. मग म्हणालो, "बाबू, सोळा वर्षांपूर्वी मांडवात मी जे बोललो, तेच तू आज दुसऱ्या पोथीतून बोलतोस. मी म्हणालो लिहिलेलं होतं, तू म्हणतोस मेंदूत घडून गेलेलं होतं. माझ्याकडून सावकार सुटला. मग तुझ्याकडून तो कसा अडकतो?"

त्याचा चेहरा उतरला. मी ते जिंकण्यासाठी बोललो नव्हतो. मलाच तो घोटाळा त्या क्षणी दिसला होता. ज्याच्यावर रागवायचे त्याला तर स्वातंत्र्य हवे, आणि स्वातंत्र्यच नाही म्हटले तर राग कोणावर धरायचा? तो माझ्या नियतीतून निघून दुसऱ्या नियतीत जाऊन बसला होता, आणि दोन्ही घरांत त्याच्या बापाचे मरण तसेच पडून होते. कोणी केले, याचे उत्तर दोन्हीकडे नव्हते.

मग आम्ही दोघांनी मिळून गीता काढली. त्यानेच वाचली, माझ्या डोळ्यांना रात्री अक्षर लागत नाही. अठरावा अध्याय. ६१ व्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर बसवलेल्या बाहुल्यांसारखे फिरवतो. स्पिनोझाचा दगड आणि ही बाहुली, फरक फारसा नाही. पण त्याच्या पुढे दोनच श्लोकांवर, ६३ व्यात, तेच भगवंत अर्जुनाला म्हणतात की मी सांगायचे ते सांगितले, आता याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. बाहुलीला कोणी असे सांगते का? दोन श्लोकांच्या अंतरात हे दोन्ही आहे, आणि देवाने त्यातले एकही खोडलेले नाही. लोकमान्यांनी मंडालेत लिहिलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे, ते या गाठीसाठीच.

मग त्याच अध्यायाचा १४ वा श्लोक पाहिला. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. हा श्लोक मी अनेकदा सांगितला आहे. त्या रात्री पहिल्यांदा तो माझ्यावर उलटला. दैव पाचवे आहे. पाचातले एक आहे आणि शेवटचे आहे. अधिष्ठान म्हणजे मुळात देह. पण तो देह ज्या जमिनीवर उभा होता ती पाण्यावाचूनची चार एकर जमीनही त्यात धरा. कर्ता म्हणजे तो स्वतः, थकलेला, कोणापुढे हात पसरायला लाजणारा. करण म्हणजे इंद्रिये आणि हाताशी असलेली साधने. चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या खटपटी. त्याच्या एकट्याच्या नव्हेत. व्याज लावणाऱ्याची, भाव पाडणाऱ्याची, दारावरून जाताना खुशाली न विचारणाऱ्या शेजाऱ्याची. दैव म्हणजे न पडलेला पाऊस. मी तेरवीला उभा राहिलो आणि चार कारणे गिळून पाचवे तेवढे सांगितले. ते खोटे नव्हते. पाचातले एक सांगून पाच सांगितल्याचा आव आणला, हा माझा दोष.

त्याच श्लोकाच्या पुढे असेही आहे की जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्यालाही नीट दिसत नाही. म्हणजे "सगळे माझ्यामुळे" म्हणणारा चुकतो आणि "माझ्यामुळे काहीच नाही" म्हणणाराही चुकतो.

मग स्वातंत्र्य नेमके कुठे राहते? हे त्या मुलानेच मला दाखवले, आणि त्याला ते त्याच्या लिबेटसाहेबांनी दाखवले होते. तो म्हणाला, "एक गोष्ट सांगायची राहिली. लिबेट म्हणाले, इच्छा उठते ती आपण उठवत नाही. पण उठल्यावर हात हलण्याआधी थोडासा अवकाश असतो. तेवढ्यात माणूस 'नाही' म्हणू शकतो. पुढच्या लोकांनी यावर पुष्कळ वाद घातलाय. तो मिटलेला नाही."

मला एकदम हसू आले. म्हणालो, "अरे, मग आपली माळ काय आहे?" माळ घालताना वारकरी काय कबूल करतो? मांस नाही, मद्य नाही, परस्त्री नाही, परधन नाही. एकादशीला अन्न नाही. भूक आपण लावून घेत नाही, ती लागते. राग आपण बोलावत नाही, तो येतो. ते सगळे प्रारब्धाच्या गाडीतून येते. पण आल्यावर दारात उभे राहून "आज नाही" म्हणणे, एवढा उंबरठा आपला आहे. साने गुरुजींचे उपोषण म्हणजे दहा दिवसांचे 'नाही' होते. आगरकरांची न घेतलेली नोकरी म्हणजे 'नाही'च होते. सावकाराला व्याजाच्या वहीवर आकडा मांडताना तोच उंबरठा होता. मोह त्याने निर्माण केला नाही हे कबूल. पण हात थांबवायला जागा होती आणि त्याने तो थांबवला नाही. तिथे तो जबाबदार आहे. आणि गादीवर उभे राहून, समोर मान हलवणारा तो दिसत असताना, तोंडातले वाक्य थांबवायला मलाही जागा होती.

आणखी दोन दिवसांनी मी त्या माउलीकडे गेलो. मुलगा अकोल्याला परतला होता. ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "माय, त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं बोललो. ते परत घ्यायला आलोय."

ती निवडायला घेतलेली तूर बाजूला सारून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "महाराज, थे वापस नका घेऊ. त्या दिवशी सकाळी म्या त्यायले दोन शब्द बोलली होती. माह्यानंच झालं असं मले वाटे. तुमी म्हनले का लिवलेलं होतं, तवा म्या पानी पेली. त्याच्यावरच लेकरं मोठे केले." थोडे थांबून म्हणाली, "पोराले मातर दुसरं सांगा. त्याले अजून जगाचं हाये."

माझ्या पन्नास वर्षांच्या अध्ययनात जे बसले नाही ते तिने दोन वाक्यांत सांगितले. एकच वाक्य तिला औषध होते, तिच्या मुलाला विष होते आणि सावकाराला हार होता. तेव्हा प्रारब्ध हा शब्द बोलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला आता वाटते. तो मागे पाहताना बोलावा, पुढे पाहताना बोलू नये. जे होऊन गेले आणि बदलत नाही, त्याचा भार उतरवायला तो आहे. जे व्हायचे आहे तिथे हात आखडायला तो नाही. दुसरे, तो स्वतःच्या दुःखाविषयी स्वतः म्हणावा. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलायचा तर ज्याच्या उरावर नसलेल्या अपराधाचा दगड आहे त्याच्यापुरताच. तिसरे, दुसऱ्याच्या नुकसानीत ज्याचा लाभ झाला, त्याच्या कानावर तो पडू देऊ नये.

यावर संशय घेणारा म्हणेल, ही सोय झाली, सत्य कुठे आहे? त्याला मी म्हणेन, पाचही कारणे सत्य आहेत. कोणासमोर कोणते आधी उच्चारायचे एवढाच विवेक मी सांगतो. वैद्याच्या पेटीतली सगळी औषधे खरी असतात, म्हणून तो सगळ्यांना एकच पुडी देत नाही. मी मात्र पन्नास वर्षे एकच पुडी वाटत आलो.

तो मुलगा अजूनही माळ घालत नाही. सुट्टीत येतो, वाद घालतो, देव मानत नाही असे स्वच्छ सांगतो. शेगावची पालखी मेडशीवरून शिरपूर, रिसोडकडे जाते. गेल्या वेळी आईची पिशवी खांद्याला लावून तो मेडशीपासून शिरपूरपर्यंत चालला. मी विचारले नाही, त्यानेही कारण सांगितले नाही. त्याच्या 'नाही'लाही तेवढाच उंबरठा आहे जेवढा माझ्या 'हो'ला.

आता नवी मुले कीर्तनाला उभी राहण्याआधी कधी कधी आशीर्वादाला येतात. त्यांची पाठांतरे चांगली असतात, गळे माझ्यापेक्षा चांगले असतात. मी त्यांना एवढेच सांगतो की दुःखाच्या मांडवात "लिहिलेले होते" हे शब्द ओठावर आले तर क्षणभर थांबा आणि समोर पाहा. मान कोणाची हलते आहे ते पाहा. ज्याचे ओझे हलके होत असेल त्याची हलत असेल, तर बोला. ज्याने ओझे लादले त्याची हलत असेल, तर तिथेच नामाचा गजर धरा आणि पुढची चार कारणे सांगायला घ्या. आणि खांबाला धरून कोणी लहान मूल उभे आहे का, तेही पाहून घ्या.

रामकृष्ण हरी.